पाण्याला जाणारी माणसे

मराठीत ‘पाण्याला जाणे’ या शब्दांना पूर्वापार एकच अर्थ आहे. डोक्यावर हंडा, काखेत कळशी आणि पायाखाली तापलेली वाट. पाणी पाहायला म्हणून कोणी घराबाहेर पडत नसे. पाणी आणायला पडत असे. निदान आमच्या सुप्यात तरी नाहीच. पुण्याहून नगरकडे निघालात आणि शिरूरला घोडनदीचा पूल ओलांडलात, की थोड्याच वेळात आमचा पारनेर तालुका लागतो. दोन्ही हातांना माळरान, टेकड्यांच्या माथ्यावर पवनचक्क्या आणि अलीकडच्या काळात औद्योगिक वसाहतीच्या लांबलचक शेड. सह्याद्रीने अडवून घेतलेल्या पावसातला जो उरलासुरला वाटा पूर्वेकडे येतो, त्यावर आमचा खरीप, आमचा कांदा आणि आमचा स्वभाव पोसला जातो. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस झाला, तर आम्ही त्याला चांगले साल म्हणतो.

अशा गावातली माणसे आता सुट्टीत पाण्याला जाऊ लागली आहेत, आणि तीही हंडा न घेता. वसाहतीतल्या कारखान्यांत नोकरी करणारी मुले, कांद्याने एखाद्या वर्षी हात दिलेले शेतकरी, शिक्षक, दुकानदार यांच्या घरी दिवाळी जवळ आली, की ‘यंदा कुठे?’ हा विषय निघतो. पूर्वी त्याचे उत्तर ठरलेले असे. पंढरपूर, तुळजापूर, कोल्हापूर, फार झाले तर गाणगापूर. आता उत्तर येते ‘केरळ’. आमच्याही घरी यंदा तेच आले. धाकट्या भावाने पुण्याच्या एका प्रवासी कंपनीचे रंगीत पत्रक आणून जेवणाच्या ताटाशेजारी ठेवले. त्यावर नारळाच्या झावळ्या, निळे पाणी, त्यात तरंगणारे वेताचे छप्पर आणि खाली तीन शब्द : बॅकवॉटर, हाउसबोट, बीच. आईने पत्रक हातात घेऊन दूर धरले, निरखून पाहिले आणि म्हणाली, “जन्मभर पाण्याला गेले. आता पैसे देऊन पुन्हा पाण्यालाच न्या मला!”

घरात हशा पिकला. पण मला ते वाक्य विनोदाचे वाटले नाही. सहलीचा आराखडा नेमका त्यावरच उभा करावा, असे वाटले. दुष्काळी भागातल्या माणसाने पाण्यावरच्या सुट्टीला जरूर जावे, या मताचा मी आहे. त्यात चैन आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. मात्र ज्याला पाण्याची किंमत ठाऊक आहे, त्याने ती किंमत घरी ठेवून जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे. पत्रक छापणाऱ्याने आपल्यासाठी आखलेली सहल आणि पाण्याची जाण असलेल्याने आखलेली सहल यांत फरक पडतो, आणि तो खर्चातही पडतो.

आधी त्या शब्दापासून सुरुवात करू. ‘बॅकवॉटर’ म्हटले, की महाराष्ट्रातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे धरण येते. धरणाच्या भिंतीमागे पाणी फुगत जाते, म्हणून त्याला आपण फुगवटा म्हणतो. उजनीचा फुगवटा, कोयनेचा फुगवटा, पैठणच्या नाथसागराचा फुगवटा. या प्रत्येक फुगवट्याच्या तळाशी कोणाचे तरी गाव आहे. उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले, की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि माणसे ते पाहायला होडीतून जातात. त्या देवळात ज्यांच्या आजोबांनी दिवा लावला, ती माणसे आता काठावरच्या नव्या गावठाणात राहतात.

गंमत म्हणजे सुपा नावाचेही एक गाव असेच पाण्याखाली आहे. आमचे नव्हे, आम्हाला बुडवायला लागणारे पाणी कोण आणणार? उत्तर कर्नाटकात कारवारच्या मुलुखात काळी नदीवर सुपा धरण आहे. १९८० च्या दशकात ते पुरे झाले आणि सुपा हे जुने गाव त्याच्या जलाशयात गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला हलले. त्या भागात कोकणी आणि मराठी बोलणारी माणसे आहेत. आज काळी नदीच्या त्या खोऱ्यात सहलीला येणाऱ्यांची गर्दी असते. एका सुप्यात पाणी नाही म्हणून माणसे गाव सोडून पुण्या-मुंबईला गेली, आणि दुसऱ्या सुप्यात पाणी आले म्हणून माणसांना गाव सोडावे लागले. ‘बॅकवॉटर’ हा शब्द पत्रकात वाटतो तितका गुळगुळीत नाही, हे सांगायला आमच्या गावाचे नाव पुरेसे आहे.

केरळचे बॅकवॉटर मात्र धरणाचे नव्हे. पश्चिम घाटातून निघालेल्या पंबा, मणिमला, अच्चनकोविल, मीनच्चिल या नद्या समुद्राकडे धावतात. किनाऱ्यावरच्या वाळूच्या लांब पट्ट्यामागे त्यांचे पाणी पसरते आणि भरतीबरोबर समुद्राचे खारे पाणीही तिथे आत शिरते. या पाणपसाऱ्याला मल्याळममध्ये ‘कायल’ म्हणतात. त्यातला सर्वांत मोठा वेंबनाड. त्याची लांबी सुमारे ९६ किलोमीटर आहे, म्हणजे आमच्या सुप्यापासून पुण्याच्याही पुढे पाणीच पाणी! २००२ साली वेंबनाडचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. त्याच्या दक्षिणेला कुट्टनाड. तिथले शेतकरी बांध घालून, पाणी उपसून समुद्रसपाटीपेक्षा खालच्या जमिनीत भात पिकवतात. शेत खाली आणि होडी वर, असे तिथले दृश्य असते. या शेतीपद्धतीला जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली वारसा म्हणून मान्यता दिली.

आणि ती हाउसबोट? तिचे मूळ नाव केट्टुवल्लम, म्हणजे बांधलेली होडी. आंजिलीच्या, म्हणजे फणसाच्या जातीतल्या झाडाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवायच्या, खिळा वापरायचा नाही आणि काजूच्या टरफलाचे काळे तेल चोपडून तिला पाण्यात सोडायचे. कुट्टनाडचे भात, नारळ आणि मसाले या होड्यांतून कोचीच्या बाजारात जात. पुढे रस्ते झाले, पूल झाले, ट्रक आले आणि होड्या काठावर कुजू लागल्या. १९९० च्या दशकात कोणाच्या तरी डोक्यात आले, की भाताच्या पोत्यांच्या जागी पलंग टाकावा. आमच्याकडे बैलगाडी गेली ती गेलीच. तिथे होडी नव्या रूपाने परत आली. सुतार, काथ्या वळणाऱ्या बाया, नावाडी, स्वयंपाकी अशा किती तरी जणांची पोटे त्यावर चालू लागली. म्हणून ‘हाउसबोट म्हणजे श्रीमंतांचे थेर’ असे म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. पण एका होडीने जे साधते ते हजारभर होड्यांनी साधतेच असे नाही, हेही तितकेच खरे.

आमच्या शेजारी भाड्याने राहणारे एक मल्याळी कुटुंब आहे. गृहस्थ वसाहतीतल्या एका कारखान्यात आहेत, आणि वहिनींचे माहेर कुट्टनाडातले. सहलीचे कळल्यावर त्या मोठ्या उत्साहाने आमच्याकडे आल्या. मोडक्यातोडक्या मराठीत त्यांनी आईला माहेरच्या घरापुढचा कालवा, शाळेत जाण्यासाठी होडी, पावसाळ्यात ओट्याला लागणारे पाणी असे सगळे सांगितले. आई ऐकत होती. तिने एकच प्रश्न विचारला, “मग प्यायला पाणी घरातच म्हणायचं?” वहिनी हसल्या. म्हणाल्या, “अम्मा, प्यायचं पाणी नाही. ते आणायला लागतं. लहानपणी आम्ही होडीतून आणायचो. हंड्यात.”

आईने पत्रक खाली ठेवले. दोघी बराच वेळ एकमेकींशी बोलत बसल्या. एकीने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जाताना रिकामी कळशी बरोबर नेलेली, दुसरीने चहूकडे पाणी असताना गोड्या पाण्यासाठी नळकोंडाळ्यापुढे होडी लावलेली. भाषा अर्धीमुर्धी, पण विषय दोघींचा घरचा होता.

कुट्टनाडात पिण्याच्या पाण्याची टंचाई आहे, ही गोष्ट पत्रकात नसते. कारणे गुंतागुंतीची आहेत, पण समजायला अवघड नाहीत. समुद्राचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून १९७० च्या दशकात वेंबनाडवर तण्णीरमुक्कम येथे बंधारा बांधला गेला. साधारण डिसेंबरच्या मध्यापासून पुढे काही महिने त्याचे दरवाजे बंद असतात. त्यामुळे भात वाचतो, पण पाण्याची ये-जा थांबते. पूर्वी खाऱ्या पाण्याने मरणारी जलपर्णी माजते. शेतातली खते, औषधे, गावाचे सांडपाणी आणि होड्यांचे तेल व मैला हे सारे त्याच थांबलेल्या पाण्यात साचत राहते. आता पाहा, पर्यटकांचा मुख्य हंगाम कोणता? डिसेंबर ते फेब्रुवारी. म्हणजे पाणी जेव्हा सर्वांत कमी हलते, नेमके तेव्हा त्यावर सर्वांत जास्त माणसे राहायला येतात.

हे ऐकून आपण मराठी माणसांनी हळहळावे, पण कपाळाला आठ्या घालू नयेत. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जाते. आमच्या सुप्याजवळची हंगा नदीसुद्धा जेव्हा केव्हा वाहते, तेव्हा घोडनदीतून भीमेलाच मिळते. जलपर्णीचा हिरवा गालिचा पाहायला पुणेकराला वेंबनाडपर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्याकडे म्हण आहे, जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात. सुप्याच्या माणसाने ही म्हण जरा जपूनच वापरावी. पाण्याच्या बाबतीत सुपातला दाणा केव्हा जात्यात जाईल, याचा भरवसा कोणालाच नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये महापुराने कुट्टनाडातली जवळजवळ सगळी वस्ती बाहेर काढावी लागली होती. त्या वेळी अति पाण्याने जे हाल केले, ते आमच्याकडे पाणी नसल्याने होतात, एवढाच फरक.

मग सहल रद्द करायची काय? मुळीच नाही. फक्त ती दुसऱ्या तऱ्हेने आखायची. आमच्या घरी चार संध्याकाळी खल करून जो आराखडा ठरला, तो सांगतो. कोणाच्या उपयोगी पडला तर पडेल.

पहिला प्रश्न केव्हा जायचे हा. मे महिन्याची सुट्टी मोठी असते, पण त्या वेळी केरळात घामाच्या धारा लागतात आणि साधारण १ जूनला मोसमी पाऊस येऊन उभा राहतो. दिवाळीच्या सुट्टीत तिथे परतीच्या मोसमाचा पाऊस असतो, पण तो बहुधा दुपारनंतर गडगडाटासह पडतो. सकाळी लवकर पाण्यावर जायचे आणि दुपारी छपराखाली यायचे, हा शेतकऱ्याचा रिवाज पाळला, तर दिवाळीनंतरचे दिवस वाईट नाहीत. बंधाऱ्याचे दरवाजे तेव्हा उघडे असतात, पाणी वाहते असते आणि गर्दीही कमी असते. नोव्हेंबरच्या मध्यापासून शबरीमलाच्या यात्रेचा काळ सुरू होतो आणि दक्षिणेकडच्या गाड्या भरून जातात; तेवढे मात्र ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रश्न कसे जायचे. कोकण रेल्वे १९९८ साली संपूर्ण मार्गावर सुरू झाली आणि महाराष्ट्र-केरळ हे अंतर खऱ्या अर्थाने आटोक्यात आले. मुंबईहून सुटणारी नेत्रावती एक्स्प्रेस पनवेलला थांबते आणि दुसऱ्या दिवशी थेट आलप्पुळाला, म्हणजे जुन्या अलेप्पीला उतरवते. सुप्याहून पनवेल गाठायला एक रात्र आधी निघावे लागते, पण वाटेत कोकणातले बोगदे, खाड्या, झुआरी, शरावती असे इतके पाणी दिसते, की अर्धी सहल गाडीतच होते. आरक्षण आता साठ दिवस आधी सुरू होते. पूर्वीसारखी चार महिन्यांची सवड राहिलेली नाही. तेव्हा ‘ठरवू, बघू’ म्हणणाऱ्या घरांनी आताच तारखा घालाव्यात.

तिसरा आणि खरा प्रश्न हाउसबोटीचा. पत्रकात ‘दोन रात्री हाउसबोट’ असे मोठ्या अक्षरांत असते. हिशेब मांडून पाहा. साधारणतः दुपारी बाराला होडीत घेतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला उतरवतात. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास होडी काठाला बांधतात, कारण पुढे रात्रभर मच्छीमारांची जाळी पाण्यात असतात. म्हणजे एकवीस तासांच्या भाड्यात होडी चालते ती पाच-सहा तास. बाकीचा वेळ आपण काठाला बांधलेल्या खोलीत झोपतो, आणि गार हवेचे यंत्र चालवायला कुठे तरी इंजिन धडधडत असते. म्हणून आमचा निर्णय असा झाला : हाउसबोटीवर एकच रात्र. मुलांना तिचे अप्रूप आहे आणि ते पुरवले पाहिजे. उरलेल्या दोन रात्री गावातल्या एखाद्या घरगुती निवासात. तिथे पैसा थेट त्या घराच्या हातात पडतो, आणि सकाळी चुलीवरचा पुट्टू कसा करतात, ते बायकांना स्वयंपाकघरात जाऊन पाहता येते.

आणि पाण्यावरचा खरा प्रवास सरकारी होडीने. केरळ सरकारच्या जलवाहतूक खात्याच्या होड्या आलप्पुळाहून कुट्टनाडातल्या गावांना आणि कोट्टयमला जातात. आपल्याकडची एसटी समजा. कोट्टयमला साधारण अडीच तास लागतात आणि भाडे अगदी किरकोळ असते. दप्तर घेतलेली मुले, बाजारहाट करून परतणाऱ्या बाया, मांडीवर कोंबडी घेतलेले आजोबा. कालव्यातले आयुष्य पाहायचे, तर ते या होडीच्या बाकावरून. वैक्कमकडे वळलात, तर २०१७ पासून तिथे सूर्यप्रकाशावर चालणारी ‘आदित्य’ नावाची होडी माणसांची ने-आण करते आहे. देशातली ती अशी पहिली प्रवासी होडी. तिला ना धूर, ना तेलाचा तवंग. आमच्या टेकड्यांवर वाऱ्याची वीज होते, तिथे उन्हावर होडी चालते. मुलांना दाखवण्यासारखी यापेक्षा चांगली गोष्ट कोणती?

चौथी गोष्ट सुरक्षेची, आणि तिथे भीडभाड नको. ७ मे २०२३ रोजी केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या तानूरला पर्यटकांची होडी उलटून २२ माणसे गेली. त्यांत मुले बरीच होती. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि वेळ तिन्हीसांजेची होती. आपल्याकडे २१ मे २०२४ रोजी उजनीच्या फुगवट्यात कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटली आणि सहा जण बुडाले. दोन्हीकडे पाणी शांत दिसत होते तोवर कोणालाच काही वाटले नसणार. म्हणून होडी ठरवताना चार प्रश्न विचारायचे. नोंदणी आहे का आणि किती माणसांची परवानगी आहे? लहान मुलांच्या मापाची तरंगजाकिटे आहेत का? मैल्याची टाकी आहे का आणि ती रिकामी कुठे करता? अंधार पडल्यावर होडी चालवता का? शेवटच्या प्रश्नाला ‘तुम्ही म्हणाल तर चालवू’ असे उत्तर आले, तर ती होडी आपली नाही.

समुद्राचेही तसेच. आलप्पुळाच्या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या धक्क्याचे खांब अजून उभे आहेत आणि जवळच १८६२ साली बांधलेले दीपगृह आहे. काथ्याच्या व्यापाराने हे बंदर एके काळी गजबजलेले असे. उत्तरेला थोड्या अंतरावर मारारीचा किनारा आहे. तिथे गर्दी कमी आणि कोळ्यांच्या होड्या जास्त. आमच्या गावची मुले विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकतात आणि नंतर स्वतःला पट्टीचे पोहणारे समजतात. विहिरीचे पाणी माणसाला ओढत नाही, समुद्राचे ओढते. लाल निशाण दिसले की गुडघ्यापलीकडे पाय टाकायचा नाही, हा नियम मी घरातच जाहीर करून ठेवला आहे. कोळी जाळी ओढत असतील, तर फोटो काढण्याआधी दोरीला हात लावायचा, हा दुसरा. तो आईने घातला.

इथे कोणी म्हणेल, एवढे लांब कशाला? आपल्याकडे पाणी काय कमी आहे? प्रश्न रास्त आहे. तारकर्लीला कर्ली नदीच्या खाडीत राज्याच्या पर्यटन महामंडळाने केरळच्या धर्तीवर हाउसबोटी आणल्या होत्या. कोयनेच्या जलाशयात बामणोली, तापोळ्याला वर्षानुवर्षे होड्या चालतात. आमच्याच जिल्ह्यात भंडारदरा आहे, मुळा धरण आहे, आणि सुप्यापासून तासाभराच्या वाटेवर निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे आहेत. पाण्याने दगड कोरायला किती युगे घेतली असतील, ते पाहून माणूस गप्प होतो. वर्षात एखादा रविवार तिकडे जरूर जावे. पण एक भेद मनात ठेवावा. केरळच्या कायलावर नाव चालवणारा बहुधा त्या काठचाच असतो. त्याच्या बापाची होडी भाताची होती, त्याची पर्यटकांची आहे. आपल्या फुगवट्यावर जेव्हा तंबू, बोटी आणि उपाहारगृहे येतात, तेव्हा ज्याची जमीन खाली बुडाली त्याच्या मुलाचा तिथे परवान्यात पहिला हक्क असतो काय? की त्याने किनाऱ्यावर उभे राहून गाड्या लावून द्यायच्या? कोयनेच्या धरणग्रस्तांतल्या कित्येकांचे पुनर्वसनाचे प्रश्न दोन पिढ्यांनंतरही लोंबकळत आहेत. जलपर्यटनाच्या योजना आखणाऱ्या सरकारने आधी या प्रश्नाचे उत्तर द्यावे, आणि आपण गिऱ्हाईक म्हणून तो प्रश्न विचारावा. ‘ही होडी कोणाची?’ एवढे विचारायला पैसे पडत नाहीत.

आमच्या नगर जिल्ह्याला तर हे सांगायलाच नको. उत्तरेला कालव्याचे पाणी आणि उसाचे मळे, दक्षिणेला माळ आणि टँकर. एकाच जिल्ह्यात पाणी पाहून माणसाच्या चालण्याबोलण्यात पडणारा फरक आम्ही जन्मापासून पाहतो. याच जिल्ह्यात राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार यांनी पडेल तो पाऊस शिवारात अडवून दाखवला. हिवरे बाजारला पावसाळा संपला, की गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग कोणती पिके घ्यायची ते ठरवतात. जमा किती, खर्च किती, हे आधी पाहायचे, ही त्यातली खरी शिस्त. सहलीलाही ती लावता येते. आपण तिथे तीन दिवसांत किती पाणी वापरणार, किती घाण करणार, किती पैसा कोणाच्या हातात देणार? पंचतारांकित न्हाणीघर पाण्यावर तरंगत असले, तरी त्यातले गोडे पाणी कुठून तरी आणलेलेच असते. सुप्यात बादलीभर पाण्यात आंघोळ करणाऱ्याने कुट्टनाडात जाऊन अर्धा तास फवाऱ्याखाली उभे राहावे, यात मौज कसली? वहिनींच्या माहेरी अजून हंडा आहे, हे आता आपल्याला माहीत झाले आहे.

राहता राहिली आई. बहुतेक घरांत सहलीचा विषय निघाला, की म्हातारी माणसे आपण होऊन ‘मी घर सांभाळते’ म्हणतात आणि आपणही ते लगेच मान्य करतो. गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत, खाणे सोसत नाही, अशी कारणे तयारच असतात. माझे मत याच्या उलट आहे. पाण्यावरच्या सहलीला सर्वांत आधी हक्क कोणाचा असेल, तर ज्यांनी जन्मभर पाणी वाहिले त्या बायकांचा. सत्तरीच्या आईला डोंगर चढवत नाही, पण होडीत बसायला गुडघे लागत नाहीत. ज्या पाण्यासाठी तिने पहाटे चारला उठून रांग धरली, ते पाणी काहीही न भरता, काहीही न उचलता नुसते बसून पाहण्याचा एक दिवस तिला मिळाला पाहिजे. आणि ती बरोबर असली, की नातवंडे नळ उघडा ठेवणार नाहीत, पाण्यात वेष्टने टाकणार नाहीत, याची वेगळी व्यवस्था करावी लागत नाही.

तेव्हा यंदा आपल्याही घरी असे पत्रक आले असेल, तर त्यावरचे आकडे नीट वाचा, होडीवाल्याला चार प्रश्न विचारा, एक रात्र कमी करा आणि वाचलेल्या पैशातून एक तिकीट वाढवा. ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातली सवलत रेल्वेने २०२० साली थांबवली आहे, पण खालचा बर्थ मागितला तर मिळू शकतो. अर्ज भरताना तिथे खूण करायला विसरू नका. खिडकी तिची.